यंत्र, बालसखी आणि मागे पडलेले मूल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकविणाऱ्या यंत्राची कल्पना नवी नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५४ सालीच तसे यंत्र पुढे मांडले होते. आजची संगणकीय प्रणाली मात्र उत्तर चुकले एवढेच नोंदवून थांबत नाही. ते कशामुळे चुकले याचा अदमास घेऊन ती पुढचा प्रश्न निवडते. बावन्नातून सत्तावीस वजा करताना एखादे मूल पस्तीस लिहिते, तेव्हा ते प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत असते. वर्गातील साठ वह्यांच्या ढिगात गुरुजींना हे दिसायला सवड नसते. प्रणालीला ते दिसते.

भांडवलदारांचे नवे खेळणे म्हणून ही गोष्ट झटकून टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. मागे पडलेल्या मुलावर त्यामुळे अन्याय होतो. दिल्लीत २०१५ साली 'माइंडस्पार्क' या प्रणालीची रीतसर चाचणी झाली. तीत ६१९ विद्यार्थी होते आणि सोडत काढून त्यांपैकी निम्म्यांना शाळेबाहेरील केंद्रात विनामूल्य प्रवेश देण्यात आला. मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन या अभ्यासकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावेत असे आहेत. सहावीतील सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते. नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर जात होते. ज्यांना केंद्र लाभले नाही त्यांच्यातील सर्वांत कच्ची मुले त्या काळात जवळजवळ जागीच राहिली. केंद्रातील कच्ची मुले मात्र हुशार मुलांइतकीच पुढे सरकली. समतेच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा निष्कर्ष तो कोणता?

परंतु त्याच अभ्यासात दुसरी एक नोंद आहे. शाळेच्या परीक्षेत या मुलांचे हिंदीचे गुण वाढले, गणिताचे मात्र लक्षणीय वाढले नाहीत. मूल तिसरीच्या पायरीवरून चौथीच्या पायरीवर चढले होते आणि प्रश्नपत्रिका सातवीची होती. म्हणजे दोष केवळ शिकविण्याच्या पद्धतीत नाही. मूल कोठे आहे हे न पाहता इयत्तेचे पुस्तक संपविणाऱ्या अभ्यासक्रमात आहे, आणि तो यंत्राने बदलत नाही. शिवाय त्या केंद्रात संगणकापुढे पाऊण तास बसल्यावर पाऊण तास एक साहाय्यक मुलांच्या लहान गटाला शिकवीत असे. जाहिरातीत या माणसाचा उल्लेख सहसा नसतो.

माणसाचा प्रश्न निघाला म्हणून मुंबई आणि बडोदे येथील 'बालसखी' प्रयोगाचे स्मरण करणे आवश्यक आहे. २००१ ते २००३ या काळात महापालिका शाळांतील मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी रोज दोन तास वेगळे घेऊन शिकवी. बडोद्यात चौथीच्या मुलांसाठी गणिताचे संगणकही आणले होते. गणितात संगणकाचा परिणाम मोठा दिसला, पण त्याचा दरडोई खर्च बालसखीच्या कितीतरी पट होता. अर्थशास्त्री यावरून बालसखी अधिक किफायतशीर ठरवितात. ती किफायतशीर का होती, हेही सांगावयास हवे: तिला महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. स्वस्त यंत्र की स्वस्त स्त्री, अशी निवड आपल्यापुढे कोणी ठेवली तर ती मुळातच नाकारली पाहिजे.

आता किमतीविषयी. अशी प्रणाली तयार करण्याचा खर्च मोठा असतो. ती एकदा तयार झाली की आणखी एका मुलाला देण्याचा खर्च नगण्य. अशा वस्तूवर वर्गणी लावून तिच्या आड गरीब मूल ठेवणे हे रूढ अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकानुसारही अपव्ययाचे आहे. ती सार्वजनिक पैशाने बांधावी, मराठीतून बांधावी आणि सर्वांस खुली ठेवावी. मुलांच्या चुकांची नोंद हाच या धंद्याचा कच्चा माल असल्याने तीही सार्वजनिक ताब्यात हवी. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. पण त्यातून सूट देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

जिल्हा परिषद किंवा नगरपालिका टॅबलेट खरेदीचा ठराव आणील तेव्हा आपल्या सभासदांनी केवळ किमतीवर भांडू नये. करार संपल्यावर नोंदी कोणाकडे राहणार, गटाला शिकविणारा माणूस कोण, त्याला वेतन किती आणि वेळापत्रकातील कोणता तास त्यासाठी मोकळा केला, हे प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत.