अडकणारी सीडी

किन्हवली, शहापूर, मुरबाडकडच्या घरांत लग्नाची नाहीतर हळदीची सीडी अजून कपाटात जपलेली सापडते. लावायला जावं, तर नेमकी मंगलाष्टकांनाच अडकते! अशी सीडी लगेच टाकून देऊ नका.

सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. माहिती असते छापील बाजूच्या लगेच खाली. चकचकीत बाजूकडून लेझरचा किरण ती वाचतो. तिथे ओरखडा असला, की किरण भरकटतो.

आधी सौम्य साबणाच्या पाण्याने धूळ आणि बोटांचे डाग धुवा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम भागतं. नाहीच भागलं, तर साधी पांढरी टूथपेस्ट घ्या, जेल नको. मऊ सुती कापडावर थोडीशी घेऊन मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ, हलक्या हाताने घासा. पेस्टमधले बारीक कण ओरखड्याच्या कडा गुळगुळीत करतात. गोल गोल मात्र घासू नका. माहिती गोलाकार मार्गावरच लिहिलेली असते, त्यामुळे त्या दिशेचा नवा चरा जास्त नडतो. मग धुऊन, टिपून कोरडी करा.

सीडी उजेडासमोर धरा. छापील बाजू खरवडली जाऊन आरपार उजेड दिसत असेल, तर तिथली माहिती गेलीच. ब्लू-रे डिस्कवर टूथपेस्टचा प्रयोग करू नका. तिच्यात माहिती पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असते.

आणि सीडी एकदा सुरळीत चालली, की त्याच दिवशी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.