झाकली मूठ, लाख कुणाचे?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. आज त्या मुठीचा हिशेब मांडू. आपण कोरडवाहू शेतकरी काय झाकतो, कुणापासून झाकतो आणि त्यातले लाख कुणाच्या पदरात पडतात?

बँकेचं कर्ज झाकता येत नाही. सात-बाराच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढतो, तो कुणालाही वाचता येतो. सावकाराचं कर्ज मात्र आपण झाकतो. पोरीची सोयरीक मोडेल म्हणून भावकीला सांगत नाही, कित्येकदा घरच्या लक्ष्मीलाही सांगत नाही. आकडा तिला कळतो तो नवऱ्याच्या दहाव्याला, सावकार दारात आल्यावर.

सावकाराला हेच हवं असतं. तो देतो कर्ज आणि कागद करून घेतो खरेदीखताचा. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. व्यवहार सावकारीचा ठरला तर १५ वर्षांच्या आत गेलेली जमीन परत मिळू शकते. पण चौकशीत साक्ष द्यायला कुणीतरी लागतं. ज्याचं कर्ज कुणालाच ठाऊक नाही, त्याची साक्ष कोण देणार?

आता उलटी बाजू पाहा. खेडा खरेदीचा व्यापारी दारात आला की आपणच सांगतो, "शेठजी, सोमवारी दवाखान्यात पैसे भरायचे आहेत." गरज कळली की भाव पडला! शेजाऱ्यानं विचारलं तर लाजेपोटी दोनशे रुपये चढवून सांगतो. मग त्याला खरा भाव कळणार कसा? आणि फोनवर अनोळखी माणूस 'अनुदान आलंय' म्हणाला की ओटीपी मात्र लगेच सांगतो.

घरातलं घरात ठेवायचा हक्क आपल्यालाही आहे. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमुखानं सांगितलं. पण काय झाकायचं हे लाजेनं ठरवू नये. आणि ही लाज आली कुठून? एखाद्याचं कर्ज कळलं की पारावर बसून हसणारे आपणच ना?

म्हणून आज एवढं ठरवून उठू. गरज व्यापाऱ्याला सांगायची नाही. कापूस-ज्वारीचा मिळालेला भाव शेजाऱ्याला खरा सांगायचा. कर्जाचा आकडा घरात आणि विश्वासाच्या दोन माणसांत उघडा करायचा. आणि ज्याच्या कानावर तो पडेल, त्यानं पारावर तोंड उघडायचं नाही. चौकशीत मात्र उघडायचं.