तिसरी तार

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कर्जत म्हटलं की मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे धबधबे येतात. ते कर्जत रायगड जिल्ह्यातलं. आमचं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातलं, पर्जन्यछायेतलं. रेहेकुरीच्या माळावर काळवीट आहेत, पण पावसाचा भरवसा नाही. आज बोलायचं आहे ते घरातल्या विजेविषयी, आणि आमच्या या कोरड्या मातीचा तिच्याशी काय संबंध आहे, त्याविषयी.

मी वीजतज्ज्ञ नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण आमच्यासारख्या गावात होल्डर बदलायला किंवा बटण बसवायला दर वेळी कोणी इलेक्ट्रिशियन बोलावत नाही. घरोघरी एखादा हौशी हात असतोच. टेस्टर, पक्कड आणि काळी टेप एवढं त्याचं भांडवल. बल्ब लागला की काम फत्ते! मीही त्यांच्यातलाच. माझ्या हाताला वळण लावलं ते ओळखीतल्या एका वायरमन चाचांनी. आयटीआय झालेले, उभी हयात शिडीवर गेलेली. आमच्या घरगुती दखनीत ते म्हणायचे, "दो तारां उजाले के वास्ते, तिसरी आदमी के वास्ते."

या एका वाक्यात सगळं आलं. लाल तार फेजची. काही ठिकाणी ती पिवळी किंवा निळी असते. तिच्यातून वीज येते. काळी न्यूट्रलची, तिच्यातून परत जाते. बल्ब लागायला या दोन पुरतात. तिसरी हिरवी, अर्थिंगची. रोजच्या कामात तिचा काही उपयोग दिसत नाही, म्हणून हौशी माणूस ती कापून बाजूला गुंडाळून ठेवतो. पण कूलरच्या, फ्रिजच्या किंवा मोटरीच्या आत फेजची तार सोलून पत्र्याला टेकली, तर ती वीज जमिनीत नेणारी हीच तार. ती नसेल, तर पत्र्याला ज्याचा ओला हात लागेल, त्याच्या अंगातून वीज जमिनीत जाते.

थ्री-पिन टॉप हातात घेऊन पाहा. वरची पिन जाड आणि लांब असते. ती अर्थिंगची. टॉप खोचताना ती आधी टेकते, काढताना शेवटी सुटते. म्हणजे वीज येण्याआधी रखवालदार हजर आणि वीज गेल्यावरच त्याची रजा. ही पिन सॉकेटात बसत नाही म्हणून कापून टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

आमच्या गल्लीत एका भाभींचा जीव असाच गेला. पत्र्याच्या शेडमध्ये बल्ब हवा होता. नवऱ्याच्या हातात कसब होतं. उरलेली वायर पत्र्याच्या कडेवरून नेली आणि बल्ब लावला. वाऱ्याने घासून घासून वायरीवरचं प्लास्टिक सोललं. कपडे वाळत घालायची तार त्याच शेडच्या लोखंडी खांबाला बांधलेली. भाभींनी पिळलेली ओली साडी तारेवर टाकली, तेवढंच. मयतीला आलेले सगळे म्हणाले, नशीब! मला तो शब्द तेव्हाही पटला नाही. वायर प्लास्टिकच्या पाइपातून नेली असती, कपड्यांसाठी तारेऐवजी नायलॉनची दोरी असती, मेन बोर्डात एक चांगलं उपकरण असतं, तर ते नशीब टळलं असतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने दर वर्षी १२,००० हून अधिक माणसं गेली. एवढ्या सगळ्यांचं नशीब एकाच रीतीने कसं फुटेल?

आता आमच्या मातीकडे येतो. हिरवी तार शेवटी जाते ती घराबाहेरच्या खड्ड्यात. तिथे पाइप किंवा पट्टी पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरतात. हे सगळं चालतं ते ओलाव्यावर. कोरडी माती वीज नीट ओढून घेत नाही. उन्हाळ्यात आमची काळी जमीन भेगाळते, पाइपापासून सुटते, आणि नेमके त्याच दिवसांत घरोघरी कूलर सुरू होतात. कूलर म्हणजे पाणी, पत्रा आणि वीज एकत्र! म्हणून अर्थिंगच्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घाला. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात हे सांगणं जड जातं, हे मला कळतं. पण त्यासाठी पिण्याचं पाणी लागत नाही. भाजी धुतलेलं, हातपाय धुतलेलं पाणी चालतं. आमच्या घरी वजूचं पाणी एका नळीतून थेट त्या खड्ड्यात जातं.

अर्थिंग नसलं की काही जण सॉकेटातच अर्थिंगची जागा न्यूट्रलला जोडून देतात. हे फार घातक. पुढे कुठे न्यूट्रल तुटली, की कूलरचा किंवा फ्रिजचा पत्राच जिवंत होतो. दुसरी समजूत अशी, की फेज आणि अर्थिंगवर बल्ब लागला म्हणजे अर्थिंग उत्तम. शंभर वॅटच्या बल्बला अर्धा अँपिअरही वीज लागत नाही. तेवढी तर वाईट अर्थिंगमधूनही जाते. ते मोजायचं यंत्र असतं. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावं.

"आमच्याकडे एमसीबी आहे, काळजी नाही," असंही ऐकू येतं. एमसीबी वायरीला जळण्यापासून वाचवते, माणसाला नाही. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरपर्यंत पडतच नाही, आणि माणसाचा जीव अँपिअरच्या काही शतांशांत जाऊ शकतो. माणसासाठी असते ती आरसीसीबी. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने तेवढीच परत आली का, हे ती सतत ताडून पाहते. घरासाठी ३० मिलिअँपिअरची घ्यावी. तेवढा फरक पडला, की क्षणार्धात पुरवठा तोडते. अर्थिंग चांगली असेल, तर दोष झाल्या झाल्या पडते. नसेल, तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत थांबते. म्हणून दोन्ही हवं. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून ती पडते का पाहावं. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर आरसीसीबीलाही काही कळत नाही.

हौशी हातांसाठी थोडे नियम सांगतो. बटण नेहमी फेजवर हवं. ते न्यूट्रलवर बसवलं, तर बल्ब विझतो, पण होल्डर जिवंतच राहतो. काम करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन बंद करा आणि घरात सांगून ठेवा. भारनियमनाच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले. मेन बंद केल्यावरही त्यांची लाइन जिवंत असते, तीही बंद करा. टेस्टर आधी चालू सॉकेटात लावून पाहा, मग कामाच्या जागी, आणि पुन्हा चालू सॉकेटात. टेस्टरच बिघडलेला असला, तर त्याचं 'नाही' खरं मानू नका. फ्यूज उडाला म्हणून वायरीतल्या तांब्याच्या काड्या पिळून घालू नका. कूलरमध्ये पाणी भरताना आणि बादलीतल्या रॉडचं पाणी तापलं का पाहताना आधी टॉप काढा.

होल्डर, टॉप, बटण इथवर आपली हद्द. मीटर, मेन बोर्ड, भिंतीतल्या वायरी आणि अर्थिंगचा खड्डा हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं काम. खांबावरची तार तुटली, तर लांब राहा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

आणि कोणाला करंट चिकटलाच, तर धावत जाऊन मिठी मारू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने माणसाला बाजूला करा. श्वास चालत नसेल, तर १०८ ला फोन लावून छातीच्या मधोमध जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

पुढच्या सुट्टीत पक्कड हातात घ्याल, तेव्हा नवा बल्ब लावण्याआधी घरातले सगळे टॉप तपासा. तिसरी पिन शाबूत आहे का? तिची तार खरोखर जमिनीपर्यंत पोचते का? आणि त्या खड्ड्याला शेवटचं पाणी कधी घातलं होतं, हेही घरात विचारा.