एकवीस किलोमीटरची बारी



शहरांच्या वार्षिक अर्धमॅरेथॉनवर बोलायला या, असं निमंत्रण आलं आणि ठिकाण जुन्नर वाचून मी जरा बिचकलो. घड्याळाशी शर्यत म्हणजे काय, हे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला बाहेरून येऊन कोणी सांगावं? तुमच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात गाडा सुटतो तो एकटा; ती त्याची बारी. शेजारी दुसरा गाडा नसतो. पुढे घोडी, मागे बैल, वर निशाण. माईकवरचा माणूस सेकंद पुकारतो, त्यापुढचे पॉइंटही पुकारतो, आणि गाडामालकाचा चेहरा तेवढ्यावरून उजळतो नाहीतर पडतो.

अर्धमॅरेथॉन ही माणसांची बारीच आहे. अंतर २१.०९७५ किलोमीटर. हजारो जण एकदम सुटतात, पण पहिल्या पाचपन्नासांना सोडलं तर कोणी कोणाला हरवायला आलेलं नसतं. छातीवरच्या नंबराच्या मागे एक चिप असते. सुरुवातीच्या पट्टीवरून पाय गेला की तुमचं घड्याळ चालू, शेवटच्या पट्टीवर बंद. आणि घोडीसुद्धा असते बरं का! हातात वेळेची पाटी धरून ठरलेल्या वेगाने पुढे पळणाऱ्याला आम्ही ‘पेसर’ म्हणतो. दोन तासांत पोचायचं असेल तर दोन तासांचा पेसर नजरेआड होऊ द्यायचा नाही.

आता इतिहासाकडे वळू. त्याची सुरुवात पुण्यातच करावी लागते. १९२० च्या आधी डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले. खेड्यांतली पोरं अनवाणी पळताना त्यांनी पाहिली आणि ही ऑलिंपिकला का जाऊ नयेत, असा प्रश्न त्यांना पडला. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे आजच्यापेक्षा साडेपाचशे मीटर जास्त. हे साडेपाचशे मीटर लक्षात ठेवा, शेवटी त्यांच्याकडे परत यायचं आहे.

दरवर्षी ठरलेल्या दिवशी शहराने रस्ता मोकळा करून द्यायचा, ही प्रथा पुण्यात १९८३ पासून रुजली. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, सुरेश कलमाडी तिचे सूत्रधार. डिसेंबरातला रविवार, केनिया-इथिओपियाचे धावपटू, आपल्याकडचे लष्करातले जवान आणि कॉलेजची मुलं, आणि दोन्ही बाजूंना बघे. माझ्या मते त्या काळात ही बघ्यांची शर्यत होती. नोकरी सांभाळून, चाळिशी ओलांडल्यावर आपणही पळावं, हे मध्यमवर्गाच्या डोक्यात शिरलं ते २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यावर. बघे फुटपाथवरून रस्त्यावर उतरले.

त्यानंतर २०१२ मध्ये साताऱ्याने हिल हाफ मॅरेथॉन काढली, आणि मला खरं बोलायचंय ते तिच्याबद्दल. शहर लहान, पण हाताशी यवतेश्वरचा घाट. कासच्या बाजूला निम्मं अंतर चढायचं आणि आल्या वाटेने उतरायचं. पावसाळा सरता सरता ही शर्यत होते. धुकं इतकं की पुढच्याची पाठ दिसत नाही, नुसता बुटांचा चपचप आवाज. मी तिथे तीनदा पळालोय. चढावर दम लागतो हे सगळे सांगतात, उतारावर मांड्या पेटतात हे कोणी सांगत नाही. २०१५ मध्ये एकाच डोंगरावर २,६१८ जण धावल्याची गिनेसमध्ये नोंद झाली. पण साताऱ्याची वेळ मुंबईच्या वेळेशी ताडून पाहायची नसते. एका घाटातले सेकंद दुसऱ्या घाटाला लावत नाहीत, हे तुम्हाला काय सांगायचं!

गुणी माणसं कुठून येतात, तेही पाहा. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची. २०१२, १३ आणि १४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये ती भारतीय महिलांत पहिली. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. २०२० मध्ये त्याने दिल्लीची अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत संपवली. ६१ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. दोघंही दुष्काळी पट्ट्यातली.

आणि तुमच्याकडे? दर शिवजयंतीला शिवनेरीवरून शिवज्योती निघतात. पोरं मशाल घेऊन गड उतरतात आणि आपापल्या गावापर्यंत पळतात. मागे टेम्पो, त्यात तेलाचा डबा. धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून मशाल वाऱ्याचा अंदाज घेत अंगापासून लांब धरलेली. एक दमला की दुसरा टेम्पोतून उडी मारून ती हातात घेतो. कोणी वेळ लावत नाही, कोणी पदक देत नाही. कित्येक पोरं एका रात्रीत अर्धमॅरेथॉनएवढं अंतर सहज कापत असतील, फक्त त्याला ते नाव देत नाहीत.

तेव्हा इथेही दरवर्षीची शर्यत होऊ शकते. आपटाळ्याच्या रस्त्याने नाणेघाटाच्या दिशेला असो, की घोडेगावहून डिंभ्याकडे. पण दोन गोष्टी सांगून ठेवतो. पहिली मापाची. अँटवर्पचे ते साडेपाचशे मीटर आठवा. एका गावच्या शर्यतीत मी आयुष्यातली सर्वांत चांगली वेळ नोंदवली, पेढे वाटले, आणि पुढच्या आठवड्यात कळलं की मार्गच अर्धा किलोमीटर कमी भरला होता. गावाचं नाव सांगत नाही, पेढे खाणारे इथे बसलेत. रस्ता मोटारीच्या काट्यावर मोजायचा नसतो. सायकलच्या चाकाला मोजणीयंत्र लावतात आणि वळणं आतल्या बाजूने घेत जातात. वर दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात, म्हणजे एकवीस किलोमीटरला एकवीस मीटर. जास्त झालं तर चालेल, कमी पडता कामा नये.

दुसरी गोष्ट वेळेची. शहरात पहाटे पाचला अंधारात सोडतात. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि उसात बिबट्या. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र तुमच्याच तालुक्यात आहे. चांगलं उजाडू द्या, मगच निशाण पाडा.