मारहाण कुठं झाली, एवढंच विचारू नका

आज विधी व समाजकार्याची पदवी घेतलेल्या माझ्या मुला-मुलींनो,

तुमच्यापैकी कुणी उद्या संरक्षण अधिकारी होईल, कुणी पोलीस ठाण्यात, कुणी सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काम करील. तुमच्या टेबलासमोर येणाऱ्या बाईबद्दल मला आज बोलायचं आहे.

आपल्या जालना जिल्ह्यातून दरवर्षी कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं 'कोयता' म्हणतात. काम दोघांचं, पण आगाऊ मिळणारी उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हाती पडते. माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या काळात अशीच एक बाई फडावरून निघून, लेकरू काखेत घेऊन माहेरी आली होती. पाठीवर वळ होते. ती आधी एका कचेरीत गेली. "मारहाण कुठं झाली?" साहेबांनी विचारलं. तिनं कारखान्याचं गाव सांगितलं. "मग तिकडंच जा." तिकडं म्हणजे कुठं? जिथं मार खाल्ला त्याच कोपीत? माझ्यासमोर तिनं पदराची गाठ सोडून दवाखान्याची चिठ्ठी काढली. घामानं शाई पसरली होती, तरी तिनं ती जपून आणली होती. तो तिच्याजवळचा एकुलता एक कागद होता.

कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 चा. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याचं कलम 27 सांगतं की बाई जिथं राहते, अगदी तात्पुरती राहत असली तरी, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे तिला दाद मागता येते. म्हणजे तिला माघारी धाडणारं ते उत्तर कायद्याला धरून नव्हतंच.

मुलांनो, या कायद्यानं अधिकाऱ्यावर टाकलेलं पहिलं काम सांगण्याचं आहे. कलम 5 प्रमाणे पोलीस, संरक्षण अधिकारी, सेवा देणारी संस्था आणि न्यायदंडाधिकारी या सगळ्यांनी तिला तिचे हक्क सांगायचे आहेत: संरक्षणाचा, घरात राहण्याचा, खर्चाचा, मुलांच्या ताब्याचा आणि भरपाईचा आदेश मागता येतो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, छळाबद्दल फौजदारी तक्रारही करता येते. पूर्वीचं 498-अ आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85 आहे. हे सांगणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

दुसरं काम लिहिण्याचं. संरक्षण अधिकाऱ्यानं डीआयआर, म्हणजे घटनेचा अहवाल, भरायचा असतो. तो नमुना एकदा शांतपणे वाचा. त्यात नुसती मारहाण नाही. मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, खर्चाला पैसे न देणं, मजुरी काढून घेणं, घराबाहेर काढणं, सगळ्याला तिथं जागा आहे. कोयत्यावर राबलेल्या बाईला उचलीचा रुपया दिसला नसेल, तर तेही लिहा. ती सांगते तसं लिहा, वाचून दाखवा, मगच सही किंवा अंगठा घ्या.

तिसरं काम वेळ पाळण्याचं. अर्जाची पहिली तारीख साधारणपणे 3 दिवसांत पडावी आणि निकाल 60 दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. नोटीस बजावण्याची जबाबदारी संरक्षण अधिकाऱ्याची आणि त्यासाठी 2 दिवस. मला माहीत आहे, टेबल एक आणि त्यावर कामं दहा असतात. म्हणूनच 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्याचे आदेश राज्यांना दिले. पण माणसं कमी आहेत म्हणून समोरच्या बाईला परत पाठवायचं, हे त्यावरचं उत्तर नव्हे. न्यायदंडाधिकाऱ्यानं नेमून दिलेलं काम संरक्षण अधिकाऱ्यानं सबळ कारणाशिवाय टाळलं, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ते कलम 33.

आणि एक काम तुमचं नाही. "संसार आहे, थोडं सोसावं लागतं, नांदायला जा," असं सांगायला तुम्हाला कुणी नेमलेलं नाही. समुपदेशनाचा आदेश न्यायदंडाधिकारी देतील. नांदायचं की नाही, ते ती ठरवील.

त्या बाईचा अर्ज पुढं जालन्यातच दाखल झाला. ती पसरलेल्या शाईची चिठ्ठी आम्ही सोबत जोडली. अंगठा उमटवून झाल्यावर तिनं मला विचारलं, "मॅडम, इथंच होत होतं, तर मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. तुमच्या टेबलासमोरून उठणाऱ्या एकाही बाईवर हा प्रश्न विचारायची वेळ येऊ देऊ नका. आजच्या पदवीकडे माझं एवढंच मागणं आहे.