पायाची जखम आणि घरातली चप्पल



पायाला जखम झालेला मधुमेही माझ्याकडे येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘डॉक्टर, मलम कुठलं लावू?’ मी विचारतो, ‘दुखतं का?’ तो जरा अभिमानानेच सांगतो, ‘छे, अजिबात नाही!’ माझी काळजी तिथून सुरू होते. चवड्याखाली एवढी जखम घेऊन जो माणूस सहज जिना चढून येतो, त्याच्या नसांनी काम सोडलेलं असतं.

न दुखणाऱ्या जखमेचं हे कोडं आधी कुष्ठरोगात सुटलं. १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांची बोटं सडून गळतात, असाच तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की ती सडत नाहीत. वेदनाच कळत नाही म्हणून चटके, ठेचा आणि चालताना एकाच जागी पुन्हापुन्हा पडणारा दाब यांनी हातपाय झिजत जातात. पाय प्लास्टरमध्ये ठेवला की तळव्याच्या त्याच जखमा भरून येत. पुढे ब्रँड अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथे हे तंत्र मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं जाऊ लागलं. ज्या रुग्णांना आपण गावाबाहेर ठेवलं, त्यांच्या पायांवरून आलेलं शहाणपण आज आपले पाय वाचवतं आहे. त्याची आठवण मात्र कोणी काढत नाही.

असे पाय तपासायचं काम पोडियाट्रिस्टचं, म्हणजे फक्त पाय बघणाऱ्या तज्ज्ञाचं. इंग्लंड-अमेरिकेत हा स्वतंत्र व्यवसाय आहे; आपल्याकडे ते काम बहुधा माझ्यासारखे सर्जन किंवा मधुमेहतज्ज्ञच करतात. तपासताना आधी पावलावरची आणि घोट्यामागची नाडी चाचपायची; रक्तच पोचत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. मग १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवायचा. तो लागलेला कळला नाही, तर उद्या खिळा घुसलेलाही कळणार नाही. त्यानंतर जखमेभोवतीचा घट्टा तासायचा. ‘अहो, जखम मोठी केलीत की!’ म्हणून नातेवाईक धास्तावतात. पण तो कडक घट्टा बुटातल्या खड्यासारखा आतल्या मांसाला टोचत असतो.

खरा उपचार म्हणजे जखमेवरचा भार काढणं. त्यासाठी गुडघ्याखालपर्यंत, पायाला अगदी बेतून प्लास्टर घालतात. दाब सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. रक्तपुरवठा ठीक असेल आणि जंतुसंसर्ग नसेल, तर अशा बहुतेक जखमा सहा ते आठ आठवड्यांत भरतात. प्लास्टर नको, काढता येणारा बूट द्या, असा आग्रह पुष्कळजण धरतात. अमेरिकेतल्या २००३ सालच्या एका पाहणीत तो बूट रुग्णांच्या पायात दिवसभरातल्या जेमतेम २८ टक्के चालण्यापुरताच आढळला.

तिथे ही गत, तर आपल्याकडे काय होत असेल? आपण उंबरठ्याबाहेर चप्पल काढणारी माणसं. ‘घरात चप्पल घाला’ म्हटलं की आजी माझ्याकडे अशा बघतात, जणू मी धर्म बुडवायला निघालोय. दिवसातलं निम्मंअधिक चालणं तर घरातच होतं, स्वयंपाकघर ते देवघर. मी सांगतो, एक जोड कधीच घराबाहेर नेऊ नका. तो सोवळ्यातला समजा. बहुतेकींना हे पटतं. नवस बोललेल्यांना मात्र काही पटत नाही. चैत्र-वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळवे भाजलेली माणसं दरवर्षी येतात, आणि फोड मुलीने किंवा सुनेने दाखवल्यावर त्यांना कळलेला असतो.

जखम भरली म्हणजे पाय बरा झाला, असंही नाही. बऱ्या झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा जखम होते. म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकाला एकच विनंती करतो. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा साखरेचा रिपोर्ट पुढे करण्याआधी मोजे काढा, तळवे दाखवा आणि घरात घालायची चप्पलही पिशवीतून न्या.