आमच्या मुली, रुग्णसेवा आणि वेतन

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात घोडेगाव येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी जिल्हा परिषदेचा निवृत्त प्राथमिक शिक्षक. शिक्षण मॅट्रिक. वैद्यकातले मला काही कळत नाही. तरीही रुग्णसेवेवर, आणि त्यातही तिच्या वेतनावर, बोलण्याची अनुज्ञा मी चालकांकडून मागून घेतली. कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडलेली आहे.

माझी एक विद्यार्थिनी होती, भीमाशंकरच्या बाजूच्या एका वाडीवरची. वडील नव्हते. दहावी होताच तिला एका खाजगी दवाखान्यात काम मिळत होते. तिची आई मला विचारावयास आली, "गुरुजी, पगाराचं काय बोलू?" मी म्हणालो, "बाई, सेवेचे काम आहे. आधी शिकू द्या, पैशाचे मागाहून पाहू." ते 'मागाहून' तीन वर्षे आलेच नाही. 'शिकाऊ' या नावाखाली ती मुलगी बारा-बारा तास राबली आणि शेवटी दवाखान्याच्या छापील कागदावर एक दाखला घेऊन बाहेर पडली. सरकारी भरतीच्या वेळी तो दाखला कोणी वाचूनही पाहिला नाही. मी स्वतः मात्र नोकरीवर रुजू झालो तेव्हा माझी वेतनश्रेणी मला पहिल्या दिवसापासून तोंडपाठ होती! आणि एका विधवेला मी तोच प्रश्न विचारू नका म्हणून सांगितले.

आपल्यात या कामाविषयी दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. 'लोकांची घाण काढावयाची' म्हणून नाक मुरडणारे एक. 'केवढे पुण्याचे काम' म्हणून हात जोडणारे दुसरे. पगार दोघेही विचारीत नाहीत. वस्तुतः विसाव्या शतकाच्या आरंभी रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने स्त्रियांस परिचर्येचे शिक्षण देण्याची सोय केली, ती त्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणूनच.

आता प्रथम नावांचा घोळ सोडवू. गावात पांढरा पोशाख दिसला की आपण 'सिस्टर' म्हणतो. तथापि तीन वर्षांचा जी.एन.एम. आणि बारावीनंतर दोन वर्षांचा ए.एन.एम. हे अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतून पुरे केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. रुग्णालयात ज्यांना आपण मावशी आणि मामा म्हणतो, त्यांची गोष्ट निराळी. मुक्त विद्यापीठाचा रुग्णसाहाय्यकाचा प्रमाणपत्र-अभ्यासक्रम किंवा कौशल्य योजनेतील 'जनरल ड्यूटी असिस्टंट' हे शिक्षण उपयोगी आहे. परंतु त्याने ती नोंदणी मिळत नाही. फी भरण्यापूर्वी हे विचारावे. फी भरल्यावर सगळेच गोड बोलतात.

जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेस 1 जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगात 25,500 ते 81,100 अशी श्रेणी मिळाली, भत्ते वेगळे. चतुर्थ श्रेणीच्या सेवकास 15,000 ते 47,600. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, जुन्नर, नारायणगाव व घोडेगावची ग्रामीण रुग्णालये आपल्या दाराशी आहेत. परंतु अशा जागा थोड्या, आणि खालच्या कामांवर पुष्कळदा कंत्राटदाराची माणसे असतात. तेथे रुग्णालय सरकारी असले तरी पगार कंत्राटदाराचा, हे ध्यानी असू द्यावे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागांच्या जाहिरातींत ए.एन.एम.ला महिना 18,000 मानधन मी वाचलेले आहे.

खाजगी रुग्णालयांविषयी 2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून एक समिती नेमली गेली. 200 हून अधिक खाटा असल्यास परिचारिकेचे वेतन शासकीय वेतनाबरोबर असावे आणि 50 हून कमी खाटा असल्यासही ते 20,000 च्या खाली नसावे, अशी तिची शिफारस होती. आपल्या दोन्ही तालुक्यांतील बहुतेक दवाखाने या शेवटच्या वर्गातले. पण शिफारस ती शिफारसच. आणि ती परिचारिकांसाठी, मावशींसाठी नव्हे. मावशींना आधार किमान वेतनाचा. तो कायदा 1948 चा. आता त्याची जागा 2019 च्या वेतन संहितेने घेतली आहे. जादा तासांचा दर दुप्पट, हे तिच्यातही आहे.

राहिले घरगुती शुश्रूषेचे काम. माझी पत्नी पक्षाघाताने अंथरुणास खिळली तेव्हा पिंपरीस मुलाकडे आम्ही ब्युरोमार्फत एक बाई ठेवल्या. त्या आपल्या जुन्नर तालुक्यातल्याच निघाल्या. ब्युरो आपला भाग कापून घेई आणि त्यांच्या हाती 18,000 पडत. ऐकावयास आकडा बरा वाटतो. परंतु कामगिरी चोवीस तासांची; रात्रीतून चार वेळा कूस बदलून द्यावी लागे. एके रात्री झोप येईना म्हणून मी भागाकार मांडला. तीस दिवसांचे 720 तास. तासाला 25 रुपये. जेवण-राहणे आमच्याकडे होते हे धरूनही, नारायणगावच्या बाजूस टोमॅटोच्या तोडणीला तासाला याहून अधिक पडतात. आणि पगार देणारे आम्हीच होतो! पुढे रात्रीसाठी दुसऱ्या बाई ठेवल्या. खर्च वाढला; मुलाने थोडी कुरकुर केली, ती मी ऐकून घेतली.

म्हणून नुसता आकडा विचारू नये, तास विचारावे. नेमणुकीचे पत्र मागावे. दहा किंवा अधिक माणसे कामास असतील तर राज्य विम्याविषयी, वीस असतील तर भविष्य निर्वाह निधीविषयी बोलावे. मूळ दाखले कोणाकडेही ठेवावयास देऊ नयेत. त्या माझ्या विद्यार्थिनीने पुढे बारावी केली आणि ए.एन.एम.ला प्रवेश घेतला. प्रवेशाच्या वेळी तिची आई पुन्हा माझ्याकडे आली होती. या खेपेस संस्थेची मान्यता पाहावयास मी स्वतः बरोबर गेलो.

आपल्यापैकी ज्यांच्या मुलींनी अशा अभ्यासक्रमांची माहितीपत्रके आणली असतील, त्यांनी जेवणानंतर मला ओसरीवर भेटावे. चष्मा बरोबर आणलेला आहे.